बिशप, उमेदवार आणि एकच खुर्ची

माणूस विशीत मोठा होतो म्हणतात. मिसरूड फुटतं, नोकरी लागते, लग्न होतं, झाला मोठा. माझं तसं झालं नाही. माझं तोवर नुसतं वय वाढलं होतं. मी मोठा झालो पंचावन्नाव्या वर्षी, वॉटफर्डमध्ये, एका खुर्चीसमोर बसून. ही हकिकत खरं तर सुगंधाने लिहायला हवी होती. ती सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. मी चौथी, तीही रडतखडत. पण ती जाऊन दोन हिवाळे झाले. मी अजून भात दोघांचा टाकतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी फोडणीला देतो. तेव्हा आता जे काय लिहायचं ते मलाच. चुका असतील तर असू देत.

आमचं घर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं भाड्याचं, एका भिंतीला दुसरं चिकटलेलं, मागे रेल्वेची लाइन. लंडनला जाणारी गाडी गेली की फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. किचन इतकं अरुंद की दोघांना एका वेळी वळता येत नसे, एकाने थांबायचं. आम्ही नगरकडची ख्रिस्ती माणसं. शनिवारी बाजरीची भाकरी आणि सुकटीची चटणी, रविवारी उपासनेहून आल्यावर मटण. सुगंधा भाकरी थापायला लागली की पलीकडच्या घरातली म्हातारी इंग्रजीण भिंतीला कान लावायची. एकदा तर दारात येऊन हळूच विचारून गेली, "सगळं ठीक आहे ना, डिअर? कुणी कुणाला मारत नाही ना?" सुगंधाने तिला गरम भाकरी लोणी लावून दिली. पुढे ती दर शनिवारी न चुकता विचारायला यायची. आणि चहा. आमच्याकडे दिवसातून सहा वेळा आधण चढायचं. बाकी आवाज आले-गेले, पण उकळता चहा हा आमच्या घराचा खरा आवाज होता. तो बंद कसा झाला ते सांगायचं तर आधी सुमंतचं सांगावं लागेल.

सुमंत आमचा पहिला. मी इंग्लंडला आलो तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. चौदा महिन्यांचा असताना तापाने गेला. त्याला मूठमाती सुगंधाने दिली, एकटीने. मी इथे फॅक्टरीत होतो आणि मला पत्र पोचलं तेव्हा त्याला जाऊन तीन आठवडे उलटले होते. पत्र कँटीनमध्ये उघडलं. समोर डोरीन बसली होती, पॅकिंगमधली, सिगारेट ओढणारी, कुणालाही तोंडावर बोलणारी बाई. मला तेव्हा धड इंग्रजी येत नव्हतं. मी नुसतं पत्र तिच्याकडे सरकवलं. मराठी अक्षरं बघून तिला काय कळणार? पण तिने माझं तोंड बघितलं आणि कामाचा भोंगा झाला तरी उठली नाही. सुपरवायझर आला तर त्याला म्हणाली, "चालता हो." पुढे सुगंधाला इकडे आणायचे कागद अडले तेव्हा हीच डोरीन मला आपल्या पक्षाच्या ब्रँचमध्ये घेऊन गेली, कौन्सिलरला पत्रं लिहायला लावली, महिनोनमहिने त्याच्या मागे लागली. सुगंधा आली. त्याच आठवड्यात मी पक्षाचं कार्ड घेतलं. पक्षाची तत्त्वं वगैरे मला कुणी विचारली नाहीत, मीही विचारली नाहीत. पत्रकं वाटता वाटता मी इंग्रजी वाचायला शिकलो. ब्रँचची मीटिंग डोरीनच्या घरी भरायची आणि चहा मी करायचा, आलं-वेलची घालून. तीस वर्षं.

मग तो धर्म आला. दारात दोन मुली उभ्या, लांब झगे, छातीवर नावाची पट्टी. त्यातल्या एकीला सपाटून सर्दी झाली होती म्हणून सुगंधाने त्यांना आत घेतलं, नाहीतर घेतलं नसतं. चहा देऊ केला तर नको म्हणाल्या, त्यांच्या धर्मात चालत नाही. चहाला नको म्हणणारी माणसं तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मग तिने तुळशीचा काढा करून दिला. मॉर्मन, मॉर्मन म्हणतात ते आम्हीच, ख्रिस्तालाच मानतो पण चर्च वेगळं, असं त्यांनी हसत सांगितलं. सुगंधा ऐकून घेत होती, कांदा चिरत होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या की त्यांच्या मंदिरात नवरा-बायकोची आणि लेकरांची गाठ मरणापलीकडे बांधली जाते, लेकरू वारलेलं असलं तरी. सुगंधाची सुरी थांबली. आमच्या जुन्या पाळकांनी तिला नेहमी सांगितलं होतं, सुमंत प्रभूजवळ आहे. या मुली म्हणाल्या, तो तुमच्याजवळ असेल. बाकीची शिकवण तिने नंतर वर्षभर नीट शिकून घेतली, माझ्यापेक्षा चांगली, पण ठरलं ते त्या कांद्याशी. आठवड्याभरात चहाचा डबा रिकामा होऊन त्यात मोहरी आली. मी कुरकुर केली. ती म्हणाली, "त्याला पुरताना तुम्ही नव्हता. आता तरी बरोबर चला." मी गेलो. आणि खोटं कशाला बोलू, पुढे मलाही पटत गेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, कुणीही साधा माणूस उठून आपल्या शब्दांत बोलतो, पगारी पाळक नाही. माझ्यासारख्याला चौथी पास म्हणून कुणी मागे बसवलं नाही.

पण मी एक चूक केली. ब्रँचला धर्माचं सांगितलं नाही आणि चर्चला पक्षाचं सांगितलं नाही. दोन्हीकडे कुणी विचारलं नव्हतं, हे खरं. पण न विचारलेलं न सांगणं हीसुद्धा एक जागा असते लपायची. मंडळीत मी ब्रदर साळवे. ब्रँचमध्ये मी शान, कारण शांतवन हे नाव डोरीनला तीस वर्षांत म्हणता आलं नाही. तिच्या किचनमध्ये आठ जणांचा चहा करायचा, वास नाकात घ्यायचा आणि स्वतः पाणी प्यायचं. डोरीनला वाटत होतं मला डायबेटिस झालाय. चहात साखरेऐवजी टाकायच्या गोळ्या आणून ठेवायची बिचारी.

मंदिरात जायचं तर बाप्तिस्म्यानंतर वर्षभर थांबावं लागतं आणि मग बिशपसमोर बसून ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. उत्तरं बरोबर आली की तो एका छोट्या कार्डावर सही करतो. त्याला रेकमेंड म्हणतात. ते असेल तरच मंदिराचं दार उघडतं. दोघांनाही लागतं, नवऱ्याला आणि बायकोला. एकाचं असून भागत नाही. आमचे बिशप बॅनिस्टर हे आठवडाभर हाय स्ट्रीटवर चष्म्याचं दुकान चालवायचे आणि रविवारी बिशप असायचे. साडेसहा फुटी, टकले, मऊ आवाजाचे. माझा चष्मा त्यांनीच केलेला. आमच्या मंडळीची मंदिराला जाणारी कोच, म्हणजे भाड्याची मोठी बस, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ठरली होती. सुगंधाने पांढरा झगा स्वतः शिवला होता. सुमंतचं लोकरीचं टोपडं तिने नगरहून आणलेल्या ट्रंकेतून काढून, धुऊन, मऊ कागदात गुंडाळून ठेवलं होतं.

आणि मग एका सकाळी दाराच्या फटीतून एक लीफलेट आत पडलं. मे महिन्यात कौन्सिलचं इलेक्शन होतं. पायपुसण्यावरून आमचे बिशप आमच्याकडे बघून हसत होते. आमच्याच वॉर्डमधून उभे होते. समोरच्या पक्षाकडून.

सुगंधाने ते उचललं, वाचलं आणि ओट्यावर माझ्यापुढे ठेवलं. "आता?"

"आता काय?"

"आता या इलेक्शनला घरी बसा. पाय दुखतात म्हणा, गुडघा धरलाय म्हणा."

"आम्ही उरलोयच आठ जण. आपल्याच पक्षाच्या सरकारने लढाई केली म्हणून बाकीच्यांनी कार्डं फाडली. मी बसलो तर आपल्या रस्त्यावर कोण फिरणार?"

"कोणी का फिरेना! ज्याच्या सहीवर माझं लेकरू आहे, त्याच्याच विरुद्ध घरोघर फिरणार तुम्ही? त्याच्याच चष्म्यातून बघत?"

हे खरं होतं. त्याला पाडायची पत्रकं मी त्याच्याच चष्म्याने वाचत होतो. पण मी फिरलो. एवढं मात्र खरं की आमच्या मंडळीतल्या लोकांची घरं मी डोरीनच्या पोराकडे दिली.

इंटरव्ह्यू रविवारी होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी ब्रँच डोरीनच्या बैठकीच्या खोलीत बसली होती, शेवटचं लीफलेट पक्कं करायला. म्हाताऱ्यांचं डे सेंटर बंद करायला बॅनिस्टरच्या पक्षाचा पाठिंबा आहे, हे आमचं मुख्य हत्यार. मी आतून किटली आणि कप घेऊन आलो तेव्हा कॉलिन बोलत होता. कॉलिन म्हणजे आमचा उत्साही गडी, कॉलेजात शिकवणारा, मनाने वाईट नाही पण विनोद सुचला की गिळता येत नाही असा. तो म्हणाला, "अरे, तुम्हाला माहीत आहे का हा बॅनिस्टर मॉर्मन आहे? खाली एक ओळ टाकू या. 'दारावर आले तर मिस्टर बॅनिस्टरना जरूर विचारा, घरी बायका किती?'"

मॉर्मन लोक पूर्वी अनेक बायका करत, त्यावरची ही जुनी थट्टा. सगळी खोली हसली. डोरीनही हसली, खोकला येईपर्यंत. कुणीतरी म्हणालं, "कौन्सिलचं घर पुरायचं नाही त्याला!" पुन्हा हशा. माझ्या हातात ती जड किटली. ओतता ओतता चहा बशीत सांडला. मला आठवतं, मी आधी फडक्याने बशी पुसली. मग म्हणालो, "एकच."

"काय एकच, शान?"

"बायको. एकच आहे. मला विचारा ना. मी त्याच चर्चचा आहे."

कॉलिन अजून अर्धवट हसत होता, त्याला वाटलं मी विनोद करतोय. मग त्याने माझं तोंड बघितलं. कॉलिनचं तोंड लाल झालं. "आय मीन, शान, तुझ्याबद्दल नव्हतं ते..." मी म्हणालो, "माझ्याबद्दलच होतं. तुला माहीत नव्हतं, एवढंच." एक जण म्हणाला, धर्म बाजूला ठेवा, मतं मिळतात का ते बघा. दुसरा म्हणाला, शान आता नक्की कुणाच्या बाजूचा? तो प्रश्न मला कानफटात मारल्यासारखा लागला. डोरीनने कुणाचं ऐकलं नाही. टेबलावरचा कागद ओढला, ती ओळ दोनदा खोडली आणि म्हणाली, "सेक्रेटरी मी आहे. डे सेंटरवर जिंकायचं तर जिंकू, नाहीतर हरू." मग सगळे गेल्यावर ती सिंकशी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि कप पुसायला लागली. "तीस वर्षं, शान. आणि तू मला साखरेच्या गोळ्या आणू दिल्यास."

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमची नाही. तुम्ही हसाल याची."

तिने फडकं खाली ठेवलं. "हसलेच की मी," ती म्हणाली, आणि सिगारेट शोधत मागच्या दाराने बाहेर गेली.

रविवारी आधी सुगंधा आत गेली. दहा मिनिटांत बाहेर आली, हातात सही झालेलं कार्ड, चेहरा लग्नातल्यासारखा. मला दारातच म्हणाली, "एक प्रश्न लांबलचक आहे. कुठल्या गटाशी संबंध आहे का वगैरे. नाही म्हणायचं. सगळे नाहीच म्हणतात." मी मान डोलावली. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर प्रभूचं चित्र. बिशपनी हात मिळवला. प्रार्थना झाली. देवावर विश्वास? हो. दारू, तंबाखू, चहा, कॉफी? नाही. बायकोशी इमान? हो. सगळं भराभर. मग तो लांबलचक प्रश्न आला. चर्चच्या शिकवणीच्या विरोधात जाणाऱ्या कुठल्या गटाशी तुमचा संबंध आहे का, त्याला तुमचा पाठिंबा आहे का, असा काहीसा.

माझं 'नाही' जिभेवर तयार होतं. पण त्याच्या मागून तो गुरुवारचा हशा आला. मी त्या खोलीत होतो. चहा मी केला होता. आणि समोर भिंतीवर प्रभू.

"हो," मी म्हणालो.

बिशपचं पेन थांबलं. मग ते हसले, मऊच. "ब्रदर साळवे, तुमच्या पक्षाबद्दल म्हणत असाल तर हा प्रश्न त्यासाठी नाही. चर्च कुठल्याच पक्षाचं नसतं. तुम्ही माझ्याविरुद्ध लीफलेट वाटता हे मला माहीत आहे. त्यासाठी मी तुम्हाला अडवणार नाही."

"ते मला ठाऊक आहे. पण आमच्या मीटिंगमध्ये चर्चची चेष्टा झाली. छापायचं चाललं होतं. मी तिथे होतो. नाही म्हणालो तर खोटं होईल."

ते पुढे झुकले. "काय छापायचं होतं?"

"छापलं नाही. खोडलं."

"पण काय होतं? कोण म्हणालं?"

मी भिंतीवरच्या प्रभूकडे बघितलं. "मी तुमचा बिशप म्हणून विचारतोय," ते म्हणाले.

"बिशपला सांगेन," मी म्हणालो. "उमेदवाराला सांगणार नाही. पण खुर्ची एकच आहे आणि तुम्ही दोघं तिच्यावर बसलाय."

त्यांचं टक्कल कपाळापासून मागेपर्यंत लाल होत गेलं. असं मी कधी पाहिलं नव्हतं. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"तुमच्यावर नाही. पण ती गोष्ट ऐकली तर शुक्रवारच्या पेपरात द्यावीशी वाटेल. तुमच्या जागी मी असतो तर मला वाटली असती. आणि ज्याने विनोद केला त्याची नोकरी कॉलेजात आहे. खोडलेल्या ओळीसाठी त्याचं नाव कशाला?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "मग आज मी सही करू शकत नाही. अर्धं सांगून अर्धं ठेवणाऱ्या माणसाच्या कार्डावर सही मी कशी करू? इलेक्शन होऊन जाऊ द्या. मग बघू."

बाहेर सुगंधा पर्सवर दोन्ही हात ठेवून बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. घरी आल्यावर तिने कोट न काढताच विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती किचनमध्ये उभी होती, मी दारात, कारण दोघांना आत जागा नसते.

"बायकांवरून थट्टा केली. एवढंच ना? एवढंच सांगायचं होतं ना त्याला? त्या कॉलिनसाठी तुम्ही सुमंतला दाराबाहेर ठेवलंत?"

"कॉलिनसाठी नाही."

"मग कुणासाठी? नाही म्हणायचं ते हो म्हणालात, सांगायचं ते सांगितलं नाहीत. जगात तुम्हीच एक हरिश्चंद्र! त्याला पुरताना नव्हता तुम्ही. आता परत मिळायची वेळ आली तेव्हाही नाही."

आता ती नाही, तरी भाताला आधण ठेवलं की ते वाक्य मला त्याच दारातून ऐकू येतं.

तो आठवडा मी कसा काढला ते प्रभूला ठाऊक. सुगंधा स्वयंपाक करायची, वाढायची आणि उठून जायची. भाकरीसुद्धा हळू थापायची. पलीकडच्या म्हातारीने मला रस्त्यात गाठून विचारलं की सुगंधा आजारी आहे का. नॉटिंगहॅमहून नीताचा फोन आला. नीता आमची धाकटी, इथेच जन्मलेली, तिकडे हॉस्पिटलात नर्स. तिचं मराठी म्हणजे तिचंच. "बाबा, आई रडतो आहे फोनवर. तू फक्त नो का नाही बोलला? इट्स जस्ट अ क्वेश्चन!" मी म्हणालो, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, "मग मला समजव ना." माझं मलाच धड समजलं नव्हतं. एवढंच वाटत होतं की एकाचं गुपित विकून दुसऱ्याकडून लेकरू घेतलं तर ते लेकरू माझ्याकडे कसं बघेल?

शनिवारी मंदिराची कोच सुटणार होती. वाटेत सगळ्यांना खायला चाळीस पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणीन, असं सुगंधाने महिन्याभरापूर्वी कबूल केलं होतं. पहाटे उठून तिने पुऱ्या तळल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "व्हा बाजूला." डबे घेऊन एकटी गेली, कोचमध्ये चढून ते दिले, उतरली आणि परत आली. पुऱ्या गेल्या, आम्ही राहिलो. पांढरा झगा दाराच्या मागे हँगरला तसाच.

पुढचं मला त्या वेळी माहीत नव्हतं. मतदानाच्या दिवशी शाळेच्या गेटाबाहेर मी आणि डोरीन उभे असताना तिने सांगितलं. कोच गेली त्याच्या नंतरच्या सोमवारी मी कामावर असताना सुगंधा डोरीनच्या दारात जाऊन उभी राहिली. तीस वर्षांत या दोघी कधी चार वाक्यांच्या पुढे गेल्या नव्हत्या. सुगंधाने पर्समधून मऊ कागद काढला, उलगडला आणि ते टोपडं डोरीनच्या हातात ठेवलं. तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "हा माझा मुलगा. पत्र आलं त्या दिवशी तुम्ही माझ्या मिस्टरांजवळ बसला होता. आता परत बसा." आणि माझ्या इंटरव्ह्यूत काय झालं ते सगळं सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गेले त्याच्या दुकानात," डोरीन म्हणाली. "एक बाई डोळे तपासून घेत होती, तिला म्हटलं, थांब जरा. त्याला सगळं सांगितलं. विनोद काय होता, मी कशी हसले, कसं खोडलं. नाव नाही दिलं कुणाचं. म्हटलं, माझ्या घरात झालं, माझं नाव घे. छापायचं असेल तर छाप, अजून वेळ आहे. आणि म्हटलं, शानने आमच्याबद्दल तुला एक शब्द सांगितला नाही, तसंच तुझ्याबद्दलही तो आम्हाला कधी एक शब्द बोलला नाही. दोन वर्षं."

"ते काय म्हणाले?"

"मला खुर्ची दिली. आणि म्हणाला, तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं." ती सिगारेटचा धूर सोडून हसली. "आहे माणूस चलाख."

छापलं काहीच नाही. बिशप हरले, थोडक्यात. आमच्या ब्रँचने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि माझ्या टाळ्या मला विचित्र ऐकू आल्या. रविवारी संध्याकाळी आमच्या दारावर टकटक झाली. बिशप. बरोबर रेकमेंडच्या कार्डांचं पुस्तक. आमच्या किचनमध्ये त्यांना उभं राहायलासुद्धा वाकावं लागत होतं. सुगंधाने स्टूल दिलं. ते बसले नाहीत. म्हणाले, "ब्रदर साळवे, त्या दिवशी मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा बिशप म्हणून विचारलं. दुसऱ्यांदा नाही. तुम्हाला ते कळलं, मला घरी जाऊन कळलं. आणि त्यासाठी मी सिस्टर साळवेंना कोचमधून उतरवलं." मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि तो लांबलचक प्रश्न पुन्हा विचारला, शब्द न् शब्द.

सुगंधा माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा तेच म्हणालो. "हो. संबंध आहे. राहणार."

"आणि ते परत हसले तर?"

"तर परत किटली घेऊन उभा राहीन."

त्यांनी स्टूलवर पुस्तक टेकवून सही केली. ते कार्ड आणि पक्षाचं कार्ड एकाच मापाचं निघालं. पाकिटात एकाच खणात बसलं.

जूनमध्ये एका गुरुवारी आम्ही मंदिराला गेलो, बिशपच्या गाडीतून. कोच नव्हती, मंडळी नव्हती. आत जे होतं त्याबद्दल बाहेर फार बोलायचं नसतं, आणि मी बोलणार नाही. एवढंच सांगतो की वारलेल्या लेकरासाठी कुणातरी जिवंत माणसाला त्याच्या जागी गुडघे टेकून बसावं लागतं, आईबापाच्या हातावर हात ठेवून. तिथे त्यासाठी माणसं नेमलेली असतात. पण वेळ आली तेव्हा बिशप पुढे आले आणि सुगंधाला हळूच विचारलं, "मी चालेन का?" सुगंधाने मान डोलावली. चौदा महिन्यांचा माझा सुमंत त्या दिवशी साडेसहा फुटांचा होता, टकला होता आणि समोरच्या पक्षाचा होता. त्याचा हात गरम होता. तिकडे कुठेतरी दूर नगरच्या मातीत जे राहिलं होतं त्याच्या शेजारी मी पहिल्यांदा बसलो. सुगंधाने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतलं ते जुनं वाक्य गेलं होतं. निदान त्या दिवसापुरतं.

नंतर बाहेर गाडीपाशी तिने डबा उघडला. पुरीत भाजी भरून गुंडाळी केली आणि बिशपच्या हातात कोंबली. कौन्सिलपासून चर्चपर्यंत सगळे ज्यांना मिस्टर आणि बिशप म्हणायचे, त्यांना ती मराठीत म्हणाली, "खा रे. सकाळपासून उपाशी आहेस." त्यांना शब्द कळले नाहीत. पण खाल्लं, उभ्यानेच, आणि दुसरी मागितली.

दर दोन वर्षांनी ते कार्ड नवं करावं लागतं. बिशप बदलत गेले, प्रश्न तोच. प्रत्येक नव्या बिशपला मी हो म्हणतो आणि मग सगळं पहिल्यापासून सांगतो. कंटाळतात, पण सही करतात. डोरीन गेली. तिच्या अंत्यविधीला चर्च नव्हतं, तरी शेवटी चहा होता, तो मी केला. आणि दोन हिवाळ्यांपूर्वी सुगंधाच्या अंत्यविधीला दाराशी एक तरुण लोकांना बसवत होता, पुढच्या रांगा घरच्यांना, मागच्या बाकीच्यांना. बॅनिस्टर काठी टेकत आले. म्हातारे झालेत आता, वाकलेत, तरी दारातून वाकूनच यावं लागतं. त्या तरुणाने त्यांना विचारलं, "सर, फॅमिली का?" ते थांबले आणि त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघायला लागले, त्या दिवशी टेबलापलीकडून बघत होते तसे, उत्तराची वाट बघत.

मी जागेवरूनच म्हणालो, "हो."